एकशे बत्तीस मालक

कोलकात्यात डमडमला ज्या घरात आम्ही चार वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या जिन्यात जगाचा नकाशा टांगलेला होता. शाळेत असतो तसा, वर-खाली काठ्या लावलेला. त्यावर लाल टाचण्या टोचलेल्या होत्या आणि प्रत्येक टाचणीला बांधलेला दोरा कुठल्या तरी दुसऱ्याच देशात नेऊन अडकवलेला होता. घर बघायला गेलो तेव्हा मला वाटलं, घरमालक विमान कंपनीतून निवृत्त झालेले असावेत.

"हे फुटबॉलचे क्लब," नकाशावर छत्रीचं टोक ठेवून ते म्हणाले. "आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला मालक. मालक म्हणजे माणूस नव्हे हं, सरकार. एका देशाच्या सरकारनं दुसऱ्या देशातला क्लब विकत घ्यायचा. आपल्या ह्या गावात पूर्वी एक कंपनी आली आणि तिनं देश घेतला. आता देश येतात, कंपनी काढतात आणि क्लब घेतात. प्रगती आहे."

मग त्यांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिच्या अंगात इंग्लंडमधल्या एका फार यशस्वी क्लबची जर्सी होती. नकाशात त्या क्लबाची टाचणी होती आणि दोरा चांगला लांब गेला होता.

"बाळ, हा क्लब नाही," ते म्हणाले. "हे अर्ध्या चड्डीतलं परराष्ट्र खातं आहे."

घर आम्हाला मिळालं. मराठी माणूस, बँकेतला, बदलीवर आलेला, म्हणजे कधी ना कधी जाणारा, हे सगळं त्यांना सोयीचं होतं. जर्सी त्यांनी दुर्लक्षिली. पुढे चार वर्षं रोज सकाळी ते मुलीला जिन्यात अडवून विचारत, "काय गं, काल तुझ्या खात्याचा निकाल काय लागला?" आणि तिला ते फार आवडत.

आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांचे आजोबा नागपूरहून रेल्वेच्या नोकरीत कोलकात्यात गार्डन रीचला आले ते आलेच. वडील तिथेच, काका तिथेच. निवृत्तीनंतर डमडमला घर. मराठी स्वच्छ बोलत, फक्त बंगाल्यांसारखा चहा 'खात'. मासे खात नसत, चहा खात. ह्या गावात मॅच जिंकली की एका मोठ्या क्लबची माणसं हिलसा आणतात, दुसऱ्याची कोळंबी. काकांचा क्लब जिंकला की घरात पुरणपोळी होई. चार वर्षांत ती आम्ही पाच वेळा खाल्ली, यावरून क्लबाची योग्यता लक्षात यावी. पुरण ते स्वतः शिजवत आणि ते हटकून सैल होई. काकू असताना होत नसे, हेही तेच सांगत.

काकू आम्ही येण्याच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. क्लबाच्या त्या पहिल्या स्त्री सभासद. गॅलरीत विणकाम घेऊन बसत आणि रेफ्रीला मराठीत शिव्या देत. आसपास कुणालाच कळत नसल्यामुळे त्यांची ख्याती एक शांत, सोज्ज्वळ बाई अशी होती.

युरोपातल्या मॅचेस काका टीव्हीचा आवाज बंद करून बघत आणि समालोचन स्वतः करत. "अर्थखात्यानं चेंडू डावीकडे दिलेला आहे. तेल मंत्रालय पुढे धावतंय. समोर आहे एक गरीब, एकाच अब्जाधीशाचा क्लब. अरेरे, गोल!" ह्यात खेळाडूचं नाव कधी येत नसे. मी एकदा म्हटलं, काका, पण खेळ सुंदर करतात हो. ते म्हणाले, "करणारच. सुंदर दिसावं म्हणूनच घेतलाय ना. घरात भांडीकुंडी फुटत असली की माणूस दारापुढे जास्त मोठी रांगोळी काढतो."

त्यांचा स्वतःचा क्लब म्हणजे मैदानावरचा एक हिरवा तंबू. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: शहराच्या मधोमध जे अफाट मैदान आहे ते लष्कराचं, आणि त्यावर जुन्या क्लबांचे तंबू आहेत. तंबू म्हणायचं, आत पंखे, कॅरम आणि लोखंडी कपाटं असतात. खेळायचं मैदान ह्या क्लबाला दुसऱ्या एका क्लबाबरोबर वाटून मिळालेलं. जमीन लष्कराची, गवत दोघांत, तंबूला ठिगळं. मालकीचं असं काही असलंच तर ते एक रजिस्टर होतं, सभासदांच्या नावांचं. ते काकांच्या ताब्यात असे.

आणि त्या रजिस्टरापायी दर वर्षी अकरा खेळाडूंना ऊन लागायची वेळ येई.

बंगाली नववर्षाच्या सकाळी कोलकात्यात गोलपोस्टची पूजा होते. आडवा बार गवतावर ठेवतात, त्याला शेंदूर, फुलं, नारळ, आणि मग हंगाम सुरू. ह्या दिवशी भटजी मिळणं महाकठीण, कारण गावातल्या प्रत्येक दुकानात पूजा असते. एका वर्षी क्लबाचा भटजी आलाच नाही. सत्यनारायणाची पोथी पाठ असलेला एकच माणूस तंबूत होता, त्याला बसवला. त्या वर्षी क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जाता जाता वाचला. एवढं पुण्य कुठल्याच भटजीनं मिळवून दिलं नव्हतं, त्यामुळे काका कायमचे झाले.

पण पूजेला संकल्प लागतो आणि संकल्पाला यजमान लागतो, नाव-गोत्रासह. जुने भटजी सेक्रेटरीचं नाव घेऊन मोकळे होत. काकांनी विचारलं, सेक्रेटरी काय क्लबाचा मालक आहे? मालक सभासद. मग नावं सभासदांची. सगळ्यांची. प्रत्येक नावाला गोत्र, प्रत्येक गोत्राला बारवर एक फूल. ज्यांना गोत्र नाही त्यांना शास्त्राप्रमाणे काश्यप. क्लबात काही मुसलमान होते, टांगऱ्याच्या चिनी वस्तीतले दोघे होते, एक वयस्कर अँग्लो-इंडियन साहेब होते. साहेब तर नव्या माणसाशी हात मिळवताना आधी नाव आणि मग 'काश्यप गोत्र' असं सांगत.

ह्या सगळ्याला दीड तास लागे. एप्रिलमधलं कोलकात्याचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला दीड तास म्हणजे काय ते कळेल. कोच हात जोडत, गोलकीपर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, आणि काका शांतपणे पान उलटत. सभासद वारला की त्या वर्षी ते पट्टी लावून त्याच्या नावावर रेघ मारत. ह्यात त्यांनी एकदाच लबाडी केली. काकूंच्या नावावर रेघ नव्हती. ते नाव दर वर्षी वाचलं जाई, फूलही पडे, आणि एकशे बत्तीस जिवंत सभासदांपैकी एकानंही कधी हटकलं नाही.

मला त्यांनी तिसऱ्याच महिन्यात सभासद करून घेतलं. फॉर्म त्यांनीच भरून आणला होता. माझ्यानंतर त्या क्लबात कुणी दाखल झालं नाही, तेव्हा यादीत मी शेवटचा. म्हणजे आपलं नाव येईपर्यंत पूर्ण दीड तास उभा.

आम्ही तिथे असल्याच्या तिसऱ्या वर्षी बातमी आली की एका परदेशी सरकारला आमचा क्लब पाहिजे आहे. मी हसलो. पण ते खरं होतं. त्या सरकारच्या मालकीचे बऱ्याच देशांत क्लब होते, माझ्या मुलीचा इंग्लंडमधला क्लबही त्यातलाच, त्याला ते 'परिवार' म्हणत, आणि परिवारात भारतातला एक जुना क्लब हवा होता. जुना म्हणजे ज्याच्या पाटीवर स्थापनेचं साल कुणाच्याही आजोबांच्या आधीचं असेल असा. "लोक मूल दत्तक घेतात," काका म्हणाले. "ह्यांना म्हातारा दत्तक घ्यायचाय."

क्लबाचा सेक्रेटरी नवा होता, चाळिशीतला, बाकदार मिश्यांचा, गोड बोलणारा. त्यानं त्या सरकारच्या प्रतिनिधीला नेमकं बारपूजेलाच बोलावलं, परंपरा दाखवायला. प्रतिनिधी बेंगळुरूहून आलेला एक तरतरीत तरुण होता, कोट घालून. एप्रिलमध्ये. त्याचं धैर्य मला तेव्हाच कळायला हवं होतं.

निम्मी नावं वाचून झाली तेव्हा सेक्रेटरी काकांच्या कानाशी लागला. "दादा, ह्या वर्षी संकल्पात ह्यांच्या मालकांचंही नाव घ्या ना. शुभ दिसेल."

"घेतो की," काका म्हणाले आणि त्या तरुणाकडे वळले. "आपके मालिक का नाम और गोत्र?"

"सर, ओनरशिप में थोड़े लेयर्स हैं," तरुण म्हणाला. क्लब घेणार एक कंपनी, ती दुसऱ्या कंपनीची, ती एका फंडाची.

"और फंड किसका?"

"स्टेट का, सर."

काकांचा चेहरा उजळला. वीस वर्षं जिन्यातल्या नकाशावर दोरे बांधण्याचं सार्थक झालं होतं. "म्हणजे देशाचा. म्हणजे तिथल्या सगळ्या लोकांचा. मग यादी द्या. नागरिकांची. मी वाचतो. फुलं जरा जास्त मागवावी लागतील."

तरुणाला वाटलं विनोद आहे. हसून त्यानं सेक्रेटरीकडे पाहिलं. सेक्रेटरी गवताकडे बघत होता.

"तसं नाही होत, सर. लोकांना... म्हणजे तिथले लोक असं प्रत्यक्ष..."

"त्यांना कुणी विचारलं नाही?"

तेवढ्यात माळी पुढे आला. हा ओडिशाचा, क्लबाचं गवत पोटच्या पोरासारखं जपणारा. त्याचा भाऊ त्याच देशात दोन वर्षं स्टेडियमच्या बांधकामावर होता. पासपोर्ट कंत्राटदाराच्या कपाटात. आईच्या आजारपणातही त्याला येता आलं नव्हतं. माळी बंगालीत म्हणाला, "दादाबाबू, तिथल्या लोकांची नावं घेणार असाल तर माझ्या भावाचंही घ्या."

"तो तिथला नागरिक नाही," काका म्हणाले. "तो नुसता बांधतोय." मग जरा थांबून त्यांनी भावाचं नाव विचारलं, गोत्र विचारलं, नाव वाचलं आणि बारवर एक झेंडू ठेवला. प्रतिनिधी घड्याळ बघत होता. मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू. अजून साठ-सत्तर नावं शिल्लक होती आणि माझ्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

यादी मागणारं पत्र काकांनी त्या देशाच्या वकिलातीलाही पाठवलं, सुवाच्य अक्षरात, रेल्वेच्या कचेरीत शिकलेल्या इंग्रजीत. 'आपल्या देशातील नागरिकांस ते कोलकात्यातील एका क्लबाचे मालक होणार असल्याची कल्पना आहे काय?' उत्तरादाखल एक गुळगुळीत कागदाचं सुंदर कॅलेंडर आलं. त्यावर बारा महिने बारा स्टेडियमं होती आणि एकातही माणूस नव्हता. काकांनी ते नकाशाशेजारी लावलं.

पूजेनंतर दोन महिन्यांनी सभासदांची सभा भरली. क्लब विकायचा की नाही यावर गुप्त मतदान. एकशे बत्तीसच्या एकशे बत्तीस जण हजर, अँग्लो-इंडियन साहेब तर व्हीलचेअरवर, कारण बिर्याणी होती आणि ती त्या सरकारतर्फे होती. मतपेटी म्हणून बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. मतं मोजायला माणूस कोण? ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे असा एकच होता, तो उघडउघड विरोधात होता, तरी त्यालाच नेमलं. प्रामाणिक माणसाची ही एक सोय असते, त्याचा पराभव त्याच्याच हातून करून घेता येतो.

सेक्रेटरी गंमतीनं म्हणाला, "दादा, वहिनींचं नाव अजून रजिस्टरात आहे. त्यांचंही मत टाकून घ्या." तंबूत हशा झाला.

"नाव घेणं वेगळं," काका म्हणाले. "खोटी सही वेगळी."

मी काय केलं ते सांगतो. माझ्या हातात चिठ्ठी होती आणि समोर त्या प्रतिनिधीनं वाटलेलं पत्रक. त्यात पुष्कळ होतं. अकादमी, डॉक्टर, दिव्यांचे मनोरे. मला त्यातली एकच ओळ दिसत होती: जुन्या सभासदांना सावलीतली राखीव खुर्ची, वर पंखा. मी पुढच्या एप्रिलचा विचार केला. दीड तासाचा विचार केला. वर्षभरात माझी बदली होणारच होती, त्या खुर्चीत मी बसलो असतो तर फार तर चार वेळा. देश विकत घ्यायला पूर्वी फितुरांना निदान जहागिऱ्या तरी द्याव्या लागत. मी 'विकावा' ह्या बाजूला फुली केली, चिठ्ठी घडी करून डब्यात टाकली आणि बिर्याणीच्या रांगेत उभा राहिलो.

काकांनी मतं मोजली. एकट्यानं, चष्मा पुसून पुसून. मग उभे राहिले आणि रेल्वेची वेळ सांगावी तशा आवाजात म्हणाले, "विकावा, एकशे अकरा. विकू नये, एकवीस." रजिस्टर काखेत मारलं आणि छत्री घेऊन निघाले. मी त्यांच्याच बरोबर मेट्रोनं डमडमला आलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "आपण एकवीस जण आहोत, हे काही कमी नाही." त्यांनी 'आपण' म्हटलं आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बोगद्यात बाहेर काही दिसत नाही.

नंतर जे होतं ते झालं. क्लबाच्या नावाआधी त्या देशाच्या विमान कंपनीचं नाव आलं. विटकरी-पिवळी जर्सी जाऊन आकाशी आली. तंबू वातानुकूलित झाला. सभासद आता 'सन्माननीय हितचिंतक' झाले, म्हणजे हित चिंतायचं, मत द्यायचं नाही. माळ्याच्या जागी एक कंपनी आली, तिची दोन माणसं हातमोजे घालून गवत कापत. क्लब जिंकायला लागला, हेही सांगितलं पाहिजे. सलग सहा मॅचेस. काकांच्या घरी पुरणपोळी झाली नाही. मुलीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, ते जिंकले. आपण कुठे खेळतोय?"

जुने लाकडी गोलपोस्ट काढून टाकले. काकांनी अर्ज करून आडवा बार मागून घेतला. चोवीस फूट लाकूड. ते मैदानापासून डमडमपर्यंत माळी आणि काका हातगाडीवर घेऊन आले, पुढे माळी लाल रुमाल बांधून, मागे काका छत्री उघडून, आणि अर्ध्या शहराची वाहतूक त्यांच्या मागे. काकांची गच्ची वीस फूट रुंद. त्यामुळे बार दोन्हीकडून दोन-दोन फूट शेजाऱ्यांच्या हद्दीत गेला. त्यावर कावळे बसतात, अशी तक्रार डावीकडच्यांनी केली. काका म्हणाले, "बसू द्या. त्यांनी मत दिलेलं नाही."

पुढच्या मार्चमध्ये माझी नाशिकला बदली झाली. निघताना त्यांनी मुलीला नकाशातली एक टाचणी काढून दिली, तिच्या खात्याची. त्या जागी भोक तेवढं राहिलं. दोऱ्याचं मोकळं टोक मात्र आता कोलकात्यात आणून अडकवलेलं होतं.

बंगाली नववर्षाच्या सकाळी त्यांचा फोन आला. मी जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, पंख्याखाली, बँकेत जायच्या तयारीत.

"गच्चीवर बसलोय," ते म्हणाले. "बार मांडलाय. माळी आलाय. रजिस्टर समोर आहे. एक विचारायचं होतं."

"विचारा ना, काका."

"मतदान गुप्त होतं. चिठ्ठ्या मीच मोजल्या, पण कुणाची कुठली ते बघितलं नाही. आता ज्यानं विकला त्यानं मालकी सोडली. त्याचं नाव यजमान म्हणून वाचणं शास्त्रात बसत नाही. म्हणून आठवडाभर एकेकाला फोन करतोय. तू शेवटचा. तुझं नाव वाचू, की रेघ मारू?"

मला खरं सांगता आलं असतं. ते रागावले नसते. पट्टी लावून सरळ रेघ मारली असती, मेलेल्यांना मारतात तशी.

"वाचा, काका," मी म्हटलं.

"वाचतो."

पलीकडे रजिस्टराची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "एकशे एकतीस फोन केले. साहेबांना तर दोनदा, त्यांना ऐकू कमी येतं. एकशे एकतीस जण म्हणाले, वाचा."

मी टेबलावरचा चमचा सरळ ठेवला.

"मग विकला कुणी रे?"

मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. शेवटी तेच म्हणाले, "बरं. फोन ठेवू नकोस, इथे स्टुलावर ठेवतो. तुझं नाव येईपर्यंत ऐक." घंटा वाजली. एक नाव, एक गोत्र. दुसरं नाव, दुसरं गोत्र. मधे काकूंचं नाव आलं, तेव्हा आवाज जरा हळू झाला. माळ्याच्या भावाचं आलं. काश्यप, काश्यप, काश्यप. बायकोनं दोनदा डोकावून घड्याळ दाखवलं. तिकडे गच्चीवर डमडमचं एप्रिलचं ऊन होतं, आणि त्या म्हाताऱ्यानं एकही नाव गाळलं नाही, एकही घाईत उरकलं नाही.

दीड तासानं त्यांनी माझं नाव घेतलं, गोत्रासह, अगदी स्पष्ट. मी सावलीत बसलो होतो.